क्लॅरिनेटवाल्याची खुर्ची

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, त्यामुळे आपल्या म्हातारपणात पोस्टमनची मात्र चंगळ झाली आहे. कानाचं नवं यंत्र घेतलंस ते बरं केलंस. ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात टाकू नकोस. तू कपाटात ठेवलेली वस्तू पुन्हा उजेड बघत नाही, हा माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

इकडे सगळं ठीक. लिफ्टच्या कंपनीने मला आणखी वर्षभर ठेवून घेतलंय, म्हणजे अजून एक वर्ष मी लोकांना वर-खाली करत राहणार. ही म्हणते, बरं झालं, घरी बसलात तर रेकॉर्डींखाली गाडले जाल. रविवारची आमची बैठक चालू आहे. बैठक कसली, दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंट जिथे जीव मुठीत धरून बसतात त्या बाकांवर आम्ही तिघं बसतो आणि जॅझ ऐकतो. डॉक्टर, मी, आणि घड्याळं दुरुस्त करणारा तो आमचा भांडखोर मित्र, ज्याला आम्ही सेकंदकाटा म्हणतो. त्याचं म्हणणं, जॅझमध्ये ठोका चुकवायचा असतो पण वेळ चुकवायची नसते, आणि हे ज्याला कळलं नाही त्याने बँडबाजा ऐकावा. ज्याला म्हणजे मला.

आता मुद्द्याचं लिहितो. तू बसून वाच.

पुलाजवळ जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथे एका मोडक्या शिलाई मशीनखाली मला एक रेकॉर्ड सापडली. कव्हर करड्या पुठ्ठ्याचं, वर चित्र नाही, कुणाचं नाव नाही. मागे नुसतं छापलंय: पियानो, बास, ड्रम, क्लॅरिनेट. खाली एका लांबच्या गावातल्या सभागृहाचा पत्ता आणि ध्वनिमुद्रणाची तारीख. दुकानवाल्या बाईंनी जवळजवळ फुकटच दिली. त्यांच्या मते ज्या रेकॉर्डवर बाईचा फोटो नाही ती घेणार कोण.

डॉक्टरांनी ती मऊ ब्रशने धुतली. सगळ्या रेकॉर्डींना ते पेशंटसारखंच वागवतात, फक्त आ करा म्हणत नाहीत. मग सुई टेकवली. मागे लोकांचं खोकणं, खुर्च्या सरकवणं, सगळं ऐकू येत होतं. पहिल्या दोन चिजा बेताच्या. तिसरीत पियानो थांबला आणि क्लॅरिनेट एकटं सुरू झालं. ताई, सुरू व्हायच्या आधी त्या माणसाने नाकातून श्वास घेतला आणि त्या श्वासात बारीक शिट्टी वाजली. आणि खालचा सूर लागला की दरवेळी मागून एक टिक.

तुला आठवतंय ना, दादा सायकलवरून गटारात पडला तेव्हा त्याने क्लॅरिनेट वर धरलं आणि नाक खाली टेकवलं. नाक मोडलं ते मोडलंच, आणि क्लॅरिनेटची एक चावीही वाकली. बाबांनी ती पकडीने सरळ केली, तेव्हापासून ती टिक करायची. आई त्याला पिपाण्या म्हणायची आणि त्या टिकटिकीवरून तो घरात कुठे बसलाय ते ओळखायची.

हा आपला दादा आहे. पण कव्हरवर तारीख आहे ती दादा गेल्यावर अकरा वर्षांनंतरची.

त्याचं क्लॅरिनेट तुझ्याकडे आहे. आहे ना? एवढं बघून कळव. तुझ्या रागावण्याची वाट बघणारा,

तुझा धाकटा


१७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि कान धरायला माणूस तिकडे नाही म्हणून इथूनच धरला आहे असं समज.

अरे, साठीला आलास. दादा गेला तेव्हा तू परीक्षेला बसला होतास, म्हणून तुला दवाखान्यात येऊ दिलं नव्हतं. मी तिथेच शिकाऊ नर्स होते. मेंदूत ताप चढला होता, दोन दिवस माणूस ओळखत नव्हता. मी त्याच्या उशाशी होते. त्याचे डोळे मी मिटले, जबड्याला फडकं मी बांधलं. पुढे चाळीस वर्षं त्याच नोकरीत काढली, किती जणांचे डोळे मिटले त्याची गणती नाही, पण पहिले त्याचे होते. तेव्हा मला कुणी सांगू नये की तो अकरा वर्षांनी कुठल्या सभागृहात जाऊन पिपाणी फुंकत होता.

मोडलेल्या नाकाची माणसं जगात काय कमी आहेत? टिक म्हणशील तर जुन्या वाद्याच्या चाव्या सगळ्यांच्याच वाजतात. तुझे दोन्ही मित्र तुझ्यासारखेच रिकामटेकडे, त्यांनी तुला चढवलं असणार. दातांच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, माझ्या भावाची अक्कलदाढ अजून आली नसेल तर बघा.

माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो. शेजारीण तिच्या मांजरीला बिनदिक्कत माझ्याकडे सोडून जाते, आणि ती मांजर माझ्या खुर्चीत बसते. यंत्र लावलं की भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, काढलं की सगळं कापसात गुंडाळल्यासारखं होतं. त्यातल्या त्यात कापूस बरा.

क्लॅरिनेट माझ्याकडेच आहे, वरच्या फळीवर, त्याच्या पेटीत. तू विचारलंस म्हणून स्टूल लावून काढलं. पेटी मी आई गेल्यापासून उघडली नव्हती. आतली मखमल कोरडी ठणठणीत, कडेला धूळ. तुकडे जसेच्या तसे. तोंडात धरायच्या भागाला वेताची ती पातळ पट्टी असते ना, रीड, ती मात्र ओली होती. ओली म्हणजे दमट नव्हे. नुकतीच कुणीतरी तोंडातून काढावी तशी, आणि कोमट.

हवा पावसाळी आहे. एवढंच असणार. मी पेटी बंद करून पुन्हा वर ठेवली आहे आणि तू हा विषय बंद करावास. आशीर्वाद कमी पडू देणार नाही,

तुझी ताई


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि हात जोडून माफी, कारण विषय बंद झालेला नाही.

रीडचं वाचलं आणि पत्र तसंच घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं. सेकंदकाटा एरवी कशालाही हो म्हणत नाही, तो चष्मा काढून पुसत बसला.

दुकानवाल्या बाईंना मी सांगून ठेवलं होतं की करड्या पुठ्ठ्याचं काही आलं तर बाजूला ठेवा. आलं. तेच सभागृह, तीच चार वाद्यं. पण तारीख पहिल्या रेकॉर्डीच्या कितीतरी पुढची. दादा असता तर पन्नाशी ओलांडलेला असता, एवढी पुढची.

सुई टेकवली. तोच श्वास, तीच शिट्टी, तीच टिक. पण वाजवणं बदललेलं. पहिल्या रेकॉर्डीत तो पळतो, भिंतीवरून उड्या मारत जातो, आपल्याला ठाऊक असलेला दादा दहा-अकरा वर्षांनी मोठा झाला तर जसा वाजवेल तसा. या रेकॉर्डीत त्याला घाई नाही. एक सूर धरतो आणि त्याच्याकडे बघत बसतो. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर केला, रेकॉर्ड थांबवली आणि म्हणाले की या माणसाचे वरचे पुढचे दात गेलेत, हा कवळी लावून वाजवतोय. मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवतात, कवळी हलते, मग हवा कडेने निसटते, ऐक. आणि खरंच, वरच्या सुराला एक हलकी फस् येत होती. त्यांनी दोन्ही रेकॉर्डी पुन्हा लावल्या. सेकंदकाट्याने वेग तपासला, सुई बदलली, तारा उलट्या जोडून बघितल्या, आणि शेवटी स्वतःच म्हणाला की माणूस एकच आहे. फक्त म्हातारा होतोय.

ताई, मला तिथल्या तिथे रडू आलं. दादा म्हातारा होतोय. माझ्या डोक्यात तो अजून तेवीस वर्षांचा आहे, तुझा निळा स्वेटर न विचारता घालून जाणारा.

घरी रेकॉर्ड लावली तेव्हा ही स्वयंपाकघरात होती. तिने दादाला कधी पाहिलेलं नाही. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, हे काय, तुम्ही तर इथे बसलाय. मी विचारलं म्हणजे काय. तर म्हणाली की झोपेत तुमचा श्वास असाच चालतो, मी इतकी वर्षं शेजारी ऐकतेय.

मी त्या सभागृहाला पत्र टाकलं होतं, उत्तर नाही. आता रजा काढून जाणार आहे. रागाव, पण मनात जागा ठेव,

धाकटा


१० जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

जाऊ नकोस.

हे मी तुझी थोरली बहीण म्हणून लिहीत नाही, वॉर्डात चाळीस वर्षं काढलेली बाई म्हणून लिहिते आहे. आमच्याकडे जुन्या सिस्टर एक नियम पाळायच्या. पेशंट गेला की त्या पलंगाशी उभं राहून त्याला हाक मारायची नाही. कितीही मायेचा असला तरी नाही. मी कारण विचारलं तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या की गेलेल्याला वाट सापडायला वेळ लागतो, आणि हाक ऐकली की तो थांबतो. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

आणि खरं सांगू? मला भीती दुसरीच आहे. मी एका तेवीस वर्षांच्या पोरासाठी रडले, आणि ते रडणं घडी घालून ठेवलं. इतक्या वर्षांत त्या घडीची मला सवय झाली. तू आता मला कवळी लावलेला माणूस आणून देतोस. त्याचं मी काय करू? त्याला कोण जेवायला घालत होतं? आजारी पडला तर कोण बघत होतं? हे प्रश्न मला आता दुपारी झोपू देत नाहीत.

पेटी मी पुन्हा उघडलेली नाही. पण काल मांजर त्या कपाटासमोर बसून होती, मान वर करून, वरच्या गच्चीत कुणी गात असलं की आपण ऐकतो तशी. हाकललं तरी हलली नाही. माझ्या कानात यंत्र होतं आणि मला काही ऐकू आलं नाही, एवढं नक्की सांगते.

ऐकायचं नसलंच तर निदान भावजयबाईला सोबत घेऊन जा. काळजीने पोखरलेली,

ताई


२१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकटाच गेलो. हिला बरोबर घ्यायचं म्हणत होतो, पण ती म्हणाली हे तुम्हा भावंडांचं आहे, आणि डबा भरून दिला.

गाव लहानसं आहे. सभागृह म्हणजे टायरच्या गोदामावरचा एक लांब हॉल, बाहेरून लोखंडी जिना. वर गेलो तर एक वयस्क बाई घडीच्या खुर्च्या पुसत होती. तिनेच जागा सांभाळायची, तिनेच झाडायचं, तिनेच तिकीट फाडायचं. मी तोंड उघडायच्या आत तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं की उंच बाई कुठे आहे.

मी विचारलं, कोण उंच बाई? तर म्हणाली की त्याने सांगितलं होतं, घरून आले तर एक उंच बाई असेल आणि एक बुटका भाऊ.

ताई, मी तिथल्याच एका खुर्चीवर बसलो. तिने पाणी दिलं.

मग ती ड्रमवाल्याला घेऊन आली. तो म्हातारा, घरं रंगवायचं काम करतो, नखांत रंग. भला माणूस. त्याने काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. म्हणाला, फार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला आमचा क्लॅरिनेटवाला तापाने पडला. आता करायचं काय, तर शेवटच्या रांगेतून एक तरुण पोरगा उठला, हातात वाद्य होतंच, येऊन बसला आणि वाजवायला लागला. तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तो येतो. दिवे मंद झाले की येतो, शेवटच्या टाळ्यांत निघून जातो. चहाला थांबत नाही. मी विचारलं, इतक्या वर्षांत नाव नाही विचारलं? म्हणाला, विचारलं की. घरी पिपाण्या म्हणतात म्हणाला. आम्हीही तेच म्हणतो.

हे मी तुला जसं ऐकलं तसं लिहितोय. पिपाण्या हा शब्द आपण घरचे पाच जण सोडून कुणाला ठाऊक नव्हता.

ती बाई म्हणाली की प्रत्येक वेळी सुरू करायच्या आधी तो तिच्याकडे बघतो आणि एकच विचारतो, घरून कुणी आलंय का. ती म्हणते नाही. मग तो बरं म्हणतो आणि रीड ओली करतो. एवढी वर्षं. रागाने नाही, रडून नाही, पाऊस आहे का बाहेर असं विचारावं तसं.

ड्रमवाल्याने आणखी एक सांगितलं. गेल्या काही महिन्यांत तो थकलाय. दम पुरत नाही. मागच्या वेळी एका चिजेनंतर बराच वेळ छातीवर हात ठेवून बसला होता.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कार्यक्रम आहे. मी जाणार. तू ये, ताई. तू काहीही म्हण, पण तो तुझी उंची सांगून बसलाय. दोन तिकिटं काढली आहेत,

धाकटा


२५ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

येते. हाक आपण मारलेली नाही, त्याने मारली आहे. मग नियम लागू होत नाही.

स्टेशनवर उतरवून घ्यायला ये, जिन्याला कठडा आहे का ते बघून ठेव. क्लॅरिनेट आणणार नाही. ते मी कपाटातून काढलं तर त्या दिवशी त्याच्या हातात काय राहील, याचा नेम नाही. हसू नकोस.

माझा चष्मा, यंत्र, गुडघ्याची पट्टी आणि मी असे सगळे येत आहोत,

ताई


११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस हे शेजारणीच्या कार्डावरून कळलं. तुझ्या हातचं मात्र एक अक्षर नाही. येताना गाडीतही तू गप्प होतीस. मला वाटलं दमलीस, मग वाटलं रागावलीस. तेवढं अंतर तुला ओढत नेलं आणि दाखवलं काय, तर एक रिकामी खुर्ची.

मी पुन्हापुन्हा तेच आठवतोय. दिवे मंद झाले, तिघं येऊन बसले, चौथी खुर्ची तशीच. सभागृहाची बाई दारापाशी उभी होती, ती आपल्याकडे बघून नुसती मान हलवत होती. तिसऱ्या चिजेत पियानो थांबला, आणि ड्रम आणि बास खालच्या आवाजात चालू राहिले, त्याच्यासाठी जागा सोडून. केवढी लांब जागा होती ती. नुसता ठोका. लोक शांत बसलेले, कुणी खोकलंसुद्धा नाही. मग पियानो परत आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कशासाठी ते मला माहीत नाही. हात थांबेचनात. सगळे थांबले तरी मी वाजवतच होतो, तुला लाज वाटली असेल.

ड्रमवाला नंतर म्हणाला की असं आजवर झालं नव्हतं. आपल्याला उशीर झाला, ताई. पहिली रेकॉर्ड हातात आली त्याच दिवशी निघालो असतो तर.

आणखी एक आहे. काल दवाखान्यात दोन्ही रेकॉर्डी लावल्या. क्लॅरिनेट नाही. ओरखडा नाही, आवाज कमी झालाय असंही नाही. पियानो आहे, बास आहे, लोकांचं खोकणं आहे, आणि त्याच्या जागी नुसता ठोका, आपण ऐकला तसा. सेकंदकाटा टर्नटेबलाशी वाकून बसला होता, तो किती तरी वेळ उठला नाही. डॉक्टरांनी सुई उचलली आणि म्हणाले, आपण तिघांनी ऐकलं होतं, ते कुणी पुसू शकत नाही. पण मला त्याचा आवाज आताच नीटसा आठवेना.

तुझं पत्र आलं नाही तर मी येऊन दार वाजवेन. ऐकू आलं नाही तर खिडकीतून येईन,

धाकटा


१९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
भरभरून आशीर्वाद.

खिडकीतून येण्याचं वय राहिलं नाही, पोट अडकेल. बस आणि वाच. हे मला तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून गप्प होते.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ड्रमचा आवाज यंत्रात इतका कर्कश यायला लागला की मी ते काढून पर्समध्ये टाकलं. सगळं बंद झालं. तुला ठाऊक आहे, यंत्र काढलं की मला दाराची घंटाही कळत नाही. ड्रमवाल्याचे हात हलताना दिसत होते, आवाज शून्य. मी नुसती बघत बसले होते. तिसऱ्या चिजेत पियानोवाल्याने हात मांडीवर ठेवले.

आणि मला श्वास ऐकू आला. नाकातला, शिट्टीचा.

खुर्ची रिकामी होती, धाकट्या. मी चष्मा पुसून बघितलं. रिकामीच होती. पण तो वाजवत होता. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट एवढी स्वच्छ ऐकलेली नाही. आधीचं सगळं बंद असल्यामुळे जगात तेवढंच होतं. तुझ्यासारखी मला जॅझमधली अक्कल नाही, पण म्हातारं माणूस जिना कसं चढतं ते मला कळतं. चार पायऱ्या चढायच्या, कठडा धरायचा, थांबायचं, इकडेतिकडे बघितल्यासारखं करायचं म्हणजे थकलोय हे कुणाला दिसू नये, मग पुन्हा चार. तो तसा वाजवत होता. मधे एकदा सूर फाटला, तर तोच सूर त्याने मुद्दाम आणखी एकदा फाडला, म्हणजे चूक वाटू नये. लबाड कुठला. आई असती तर ओळखून हसली असती.

तू म्हणतोस टाळ्या कशासाठी वाजवल्या माहीत नाही. मी सांगते. पियानो परत आला तेव्हा त्याने वाद्य खाली घेतलं, ती टिक वाजली. लोकांच्या टाळ्या मला ऐकू आल्या नाहीत. तुझ्या आल्या. नुसत्या तुझ्या, त्या भल्या मोठ्या हॉलमध्ये एकट्या माणसाच्या. आणि तू वाजवत होतास तेवढा वेळ तो श्वास त्या खुर्चीतच होता, संथ, ऐकत असल्यासारखा. एरवी टाळ्यांत निघून जाणारा माणूस तुझे हात थांबेपर्यंत थांबला. तेव्हा उशीर झाला हे डोक्यातून काढून टाक.

आता गाडीतलं. तू बसल्याबसल्या झोपलास. मी यंत्र लावलं नव्हतं. तुझ्या शेजारची, माझ्या समोरची जागा रिकामी होती. एका वळणानंतर ती रिकामी नव्हती.

पांढरे केस, बारीक झालेला, कॉलर झिजलेला सदरा, पण इस्त्री केलेला. नाक तेच. मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. मी त्याला हाक मारली नाही. जुना नियम आठवला आणि ओठ घट्ट धरले. तो बाहेर बघत होता. मग खिशातून रुमाल काढला, कवळी काढली, नीट पुसली आणि परत बसवली, आणि मी बघतेय हे दिसल्यावर ओशाळून हसला. भूतबीत असं करत नसेल रे. तेवढ्याने माझी भीती गेली आणि मला रडायला आलं. त्या पोरासाठी मी रडून घेतलं होतंच. हे रडणं या म्हाताऱ्यासाठी होतं, ज्याला मी कधी विचारलं नव्हतं की जेवलास का. आणि खरं सांगते, हे रडणं सोपं होतं. म्हातारी माणसं जातात. त्यात काही अन्याय नसतो.

नंतर तो तुझ्याकडे बघत बसला. किती वेळ ते नाही सांगता येणार. तुझ्या अंगावर वारा येत होता, तुझा मफलर उडत होता. तो उठला आणि खिडकी खाली ओढली. ती जड होती, त्याला दोन्ही हात लावावे लागले. मग दाराकडे गेला आणि उतरला. गाडी थांबलेली नव्हती.

तू जागा झालास तेव्हा मला खुणेने म्हणालास की खिडकी लावलीस ते बरं केलंस. मी लावली नव्हती.

डॉक्टरांना आणि तुझ्या त्या घड्याळवाल्याला नमस्कार. त्या रेकॉर्डी विकू नकोस, आणि रविवारी त्या लागल्या की ती जागा आली म्हणजे बोलू नका, एवढं माझ्यातर्फे सांग. भावजयबाईला घेऊन पुढच्या महिन्यात ये, मांजरीलाही खुर्चीतून उठवून ठेवते.

पत्राला उशीर झाला म्हणून माया आटली असं समजू नकोस. यंत्र अजून लावलेलं नाही. तशी घाई नाही.

तुझी
ताई